पेढ्याचे केस

५ फेब्रुवारी १९७८, रविवार. तासगाव

पंपाच्या एजंटानं दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. आज उघडली, कारण घरात एक नवीन काम आलंय आणि ते नीट टिपून ठेवायला हवं.

दुपारच्या साताऱ्याच्या गाडीनं बनू आली. माझी एकुलती लेक, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला दिलेली. न कळवता आली. एका हातात लोखंडी ट्रंक, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. मी विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "बघू, आबा." तेवढ्यात पारू, म्हणजे माझी बायको, आतनं ओरडली, "आल्या आल्या पंचनामा नको. हातपाय धुऊ द्या पोरीला."

टोपलीत ससा निघाला. नर, लांब केसांचा, रंग साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून नावही पेढा. लग्नाच्या पहिल्या वर्षी जावयानं, दादासोनं, पुण्याच्या बाजारातनं तो बनूला आणून दिला होता. टोपलीच्या तळाला मूठभर केस साठलेले. बनू म्हणाली, "उन्हाळा लागायच्या आदी गळत्यात. ह्यो अंग चाटतो, मग पोटात जात्यात. जपाय लागतंय."

म्हणजे प्रश्न सरळ आहे. नळीत केस अडकतात, ते अडकू द्यायचे नाहीत. मी मोटार-वाइंडिंग कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून, तारेचा वेढा न् वेढा मोजून शिकलो. आज आटपाडीपासून लोक मोटारी घेऊन माझ्याकडं येतात. सशाचंही जमेल.

ट्रंक जड होती. चार दिवसांसाठी बायका इतकं कशाला आणतात कळत नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मोटारीच्या खोक्यांच्या फळ्यांना रंधा मारून पिंजरा केला. चारी कोपरे काटकोनात. पेढ्याला वळता येईल एवढी जागा, जास्त नाही. जास्त फिरला की जास्त केस झडणार.

खाणंही ठरवलं. बेअरिंग अडकत असेल तर ग्रीस भरतात. तेव्हा भाकरी कुस्करून तुपात. जोडीला बेदाणा. शेजारी धोंडिरामचं बेदाण्याचं शेड आहे, त्याच्याकडनं ओंजळभर आणला. तो म्हणाला, "सशाला बेदाणा? हरिबा, अरं यापाऱ्याला चव बघाय मी एक मणी देतोय!"

बनू म्हणाली, "आबा, तिकडं त्यो वाळलं गवतच खायचा."

मी म्हटलं, "तिकडचं तिकडं. माहेरी आलाय तो."

माहेरी आलेल्याला वाळलं गवत घालायचं आमच्या घरात होणार नाही. पारूनंही बनूसाठी शिरा केला होता. बनूनं दोन घास खाल्ले आणि ताटली आईकडं सरकवली. प्रवासाचा शीण असणार.

१२ फेब्रुवारी, रविवार

सशासाठी फणी तयार केली. सागाची मूठ, त्यात तांब्याच्या तारेचे दात, सगळे एका उंचीचे. दिसायला फार सुबक झाली. पेढ्यानं ती पहिल्यांदा अंगाला लागताच माझ्या मनगटावर तीन ओरखडे काढले. दात थोडे बोथट करायला हवेत. बनू मात्र हात ओला करून त्याच्या पाठीवरनं नुसता फिरवते, आणि तिच्या तळव्याला केसांची लडी चिकटून येते. पद्धत अडाणी आहे, वेळ फार जातो.

आज एक गोष्ट चांगली घडली. लेंड्या एकमेकींना केसानं जोडून पडल्या, माळेत ओवल्यासारख्या. म्हणजे केस बाहेर पडतायत. तुपाचा उपयोग होतोय. बनूला दाखवलं. ती माळ हातात धरून बघत राहिली.

चुलीपाशी ती आईला सांगत होती ते ओसरीवर ऐकू आलं. "आत्याबाई म्हनत्यात, पोर न्हाई तर ही ससा खेळवती. भाजीत केस घावला तर ताट उकिरड्यावर टाकून दिलं. सगळ्यांच्या म्होरं."

पारूनं विचारलं, "आनि दादासो?"

"त्ये जेवत हुते."

सासू-सुनांचं चालायचंच. मी उठून दुकानात गेलो. एक पाच हॉर्सपॉवरची मोटार उघडून ठेवली होती.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

पेढ्यानं कालपासनं बेदाणा शिवला नाही. भाकरीही नाही. लेंड्या कालपासनंच बारीक पडत होत्या, मोहरीएवढ्या, आज दुपारपासनं बंद. तूप वाढवून चमच्यानं पाजलं. निम्मं छातीवर सांडलं.

संध्याकाळी तो कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसला आणि दात खायला लागला. करकर आवाज ऐकू येत होता. बनू पिंजऱ्याच्या फळीला कपाळ टेकून बसली. तीही जेवली नाही.

पारू ताटं उचलताना म्हणाली, "एका घरात दोगं जेवत न्हाईत, आनि तुमाला एकच दिसतोय."

मी म्हटलं, "बनूचं काय? ससा बरा झाला की जेवेल ती."

पारूनं ताट आपटलं. पितळेचं होतं, काठाला पोचा आला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

इथले जनावरांचे डॉक्टर आटपाडीच्या दौऱ्यावर. मग सकाळच्या पहिल्या गाडीनं बनू आणि मी पेढ्याला द्राक्षाच्या करंडीत घालून सांगलीला निघालो.

कंडक्टरनं करंडीत डोकावलं. "सशाचं अर्धं तिकीट काडू का, मिस्त्री?"

मी म्हटलं, "नियमात बसत असेल तर काढा."

"आवं, चेष्टा केली. आजारी हाय व्हय? मग फुडं बसा. मागं लय आपटतंय." त्यानं पुढच्या बाकावरच्या दोन माणसांना उठवून जागा करून दिली. चांगला माणूस. गाडीच्या स्प्रिंगचा डावा पाटा मात्र गेलेला होता, डेपोत कुणी बघत नाही.

सांगलीचे डॉक्टर वयस्क, शांत. पेढ्याच्या पोटावर बोटं ठेवून बराच वेळ बसले. मग विचारलं, "खायला काय देता?"

मी सगळं व्यवस्थित सांगितलं. तूप, भाकरी, बेदाणा, पिंजऱ्याचं माप. वंगणाचं तत्त्वही समजावलं.

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, मोटार बंद ठेवून नुसतं ग्रीस भरत राहिलात तर ती चालेल का?"

मी मान हलवली, नाही चालणार.

"मांजर केसांचा गोळा ओकून टाकतं. सशाला उलटी होत नाही. गिळलं ते गिळलं. त्याचं पुढंच जायला हवं. केस थोडेफार सगळ्या सशांच्या पोटात असतात, त्यानं ससा मरत नाही. पोट चालायचं थांबलं की मरतो. आणि पोट चालतं वाळल्या गवतानं, पाण्यानं आणि हिंडण्यानं. तुम्ही तिन्ही बंद केलीत. प्रेमानंच केलीत, पण केलीत."

मग म्हणाले, "गोड बंद, तूप बंद, पिंजऱ्याचं दार उघडं. अंगावरचे सुटलेले केस रोज काढा, म्हणजे पोटात कमी जातील. कशानं काढता?"

फणी माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही. बनू म्हणाली, "वल्या हातानं."

"उत्तम. तसंच करा."

त्यांनी एक औषध पाजलं, एक पुडीत बांधून दिलं. वाळलं गवत कुटून पाण्यात कालवून थोडं थोडं भरवायला सांगितलं. "लेंडी पडली की समजा जगला." नाही पडली तर काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत बनूनं करंडी मांडीवर घेतली होती. कवठे एकंद मागं पडल्यावर ती म्हणाली, "आबा, ह्याला मी हितंच ठेवलं तर चालंल?"

"सशाला? ठेव की."

थोड्या वेळानं म्हणाली, "आनि मी ऱ्हायले तर?"

मी म्हटलं, "आता त्याचे केस रोज काढायचे आहेत. ते तुलाच जमतं. तू नसलीस तर कोण काढणार?"

ती खिडकीकडं तोंड करून रडायला लागली. मला कळेना. सशाच्या काळजीनं असणार. मी म्हटलं, "रडू नको. पडेल लेंडी."

१८ फेब्रुवारी, शनिवार

नाही पडली.

पिंजऱ्याचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. पेढा बाहेर आला, चार पावलं गेला, बसला. बनू त्याच्या मागं बसून पोट खालनं वर हलकं हलकं चोळत होती. मी ओढ्याच्या बांधावरनं वाळलं गवत कापून आणलं, निवडलं, कुसळं वेगळी केली, पारूच्या खलबत्त्यात कुटलं. पारूनं बत्ता माझ्या हातातनं घेतला. "तुमी मसाला कुटताय का गवत? बारीक व्हाय पायजे जरा."

बनू पेढ्याला भरवताना सारखी पुटपुटत होती, "खा गा. खा. माझ्यासाटी खा." भरवून झाल्यावर पारूनं एक भाकरी मोडून तिच्या तोंडाशी धरली. म्हणाली, "आता तू माझ्यासाटी खा."

बनूनं खाल्ली. अर्धी.

दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाईक ओरडून गेलं. पहिल्या दिवशीच मला बनूनं गवताचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण ती सांगत होती, पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पुस्तक तर मीही कुठं वाचून मोटारी दुरुस्त करतो?

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दुकानाच्या उंबऱ्याजवळ पडली. एक. मग आणखी. काळ्या, ओबडधोबड, एकीतनं दुसरीत केस गेलेले, पण चांगल्या मोठ्या. मला राहवलं नाही. रस्त्यावर जाऊन ओरडलो, "पडली! पडली!"

धोंडिराम शेडावरनं म्हणाला, "काय पडलं रं? का नातू झाला?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. हातातलं घमेलं घेऊन तसाच उभा. पारू दारात थांबली.

आतनं बनूचा आवाज आला, "व्हय काका! काळाभोर हाय. बगाय या."

आणि ती हसली. इथं आल्यापासनं पहिल्यांदा. पारू पदरानं डोळे पुसत आत गेली. धोंडिराम खरोखरच बघायला आला आणि उंबऱ्यापाशी वाकून गंभीरपणे म्हणाला, "आबाच्या वळणावर गेलंय." त्याची चेष्टा मला फारशी आवडली नाही. पण बनू पोट धरून हसत होती, म्हणून गप बसलो.

पेढ्यानं दुपारी स्वतःहून गवताची काडी ओढली. एका टोकाकडनं आत आत जाताना बघत बसलो. आमच्या लेथवर सळई चढते तशी, एका लयीत.

२६ फेब्रुवारी, रविवार

आता क्रम बसलाय. सकाळी बनू हात ओले करते, पेढा आपण होऊन तिच्या मांडीवर येतो. मानेपासनं सुरुवात, मग पाठ, मग मागच्या मांड्या, तिथं गुंता जास्त. निघालेले केस ती लगेच डब्यात टाकते, म्हणजे तो परत चाटणार नाही. मी पाण्याचं वाडगं दोनदा बदलतो. गवताची पेंडी दारात टांगली आहे. लेंड्यांच्या माळा कमी झाल्या, आता सुट्या आणि गोल पडतात. धोंडिरामचा बेदाणा आला होता, तो आम्हीच खाल्ला.

पेढा दिवसभर दुकानात हिंडतो. तारा कुरतडू नये म्हणून बनू मागं असते. माझ्या फणीनं ती मोटारीतल्या स्टेटरच्या खाचांतली धूळ काढते. त्या कामाला फणी अगदी अचूक बसली आहे.

बनू आता जेवते.

११ मार्च, शनिवार

द्राक्षाच्या दिवसांत मोटारी फार जळतात. एक तातडीची होती आणि माझ्या मनगटात कळ. बनू म्हणाली, "मी भरू का येक कॉइल? बगून बगून आलंय मला." मी म्हटलं, खेळ नव्हे तो. पण दिली.

झाल्यावर मी ती सगळी उलगडून मोजली. वेढे बरोबर. ताण सारखा, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. पुन्हा गुंडाळायला लावली. तिनं गुंडाळली.

"चुकलं का कुटं, आबा?"

"नाही. चुकलं नाही म्हणून पुन्हा करायला लावलं."

पारू म्हणाली, "ह्याला तुमच्याकडं शाबासकी म्हनत्यात व्हय?" मी माझ्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल आणून ठेवलं.

२३ मार्च, गुरुवार

होळी उद्या. आज खंडाळ्याहून दादासो आणि त्याचे चुलते आप्पासाहेब आले. बनू दुकानातनं उठून आत गेली. पेढा तिच्या मागं.

चहा झाला. दादासो कपाकडं बघत होता. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या बोलण्याला स्टार्टर बाहेरनं लागतो. आप्पासाहेबच बोलले.

"हरिबा, पोरीला माघारी धाडा आता. घरात कामं पडल्यात. आनि मोकळं बोलतो. सहा वर्सं झाली. म्हातारीचा हट्ट हाय, दादासोचं दुसरं करायचं. पन बनूला कोन घालवत न्हाई. एका कोपऱ्यात ऱ्हाईल, दोन घास खाईल. फकस्त त्यो ससा नको. अन्नात केस येतोय."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

मी दादासोला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

तो म्हणाला, "आईच्या म्होरं माजं काय चालत न्हाई, मामा."

मी चहा संपवला. कप बशीत नीट मधोमध ठेवला. मग सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "आप्पासाहेब, सशाचे केस गळायचा हंगाम चालू आहे. सांगलीच्या डॉक्टरांची ताकीद आहे. गेल्या महिन्यात तो मरता मरता वाचला. ह्या दिवसांत त्याला हलवता येणार नाही. एका कोपऱ्यात ठेवून, दोन घास घालून तो जगत नाही, ते मी करून बघितलंय. त्याला हिंडायला लागतं. आणि त्याचे केस काढायचं काम बनूशिवाय कुणाला जमत नाही. तेव्हा ती इथंच राहील."

"सशासाटी लेक घरी ठिवनार तुमी?" आप्पासाहेब हसायला लागले.

"होय."

"हंगाम कवा संपतोय?"

"संपला की कळवतो."

त्यांनी पुष्कळ सांगून बघितलं. मी फक्त सशाचंच बोललो. दुसऱ्या कशातलं मला कळत नाही आणि न कळणाऱ्या यंत्राला मी हात लावत नाही. जाताना दादासो दारात रेंगाळला. उंबऱ्यावर पेढ्याच्या केसांचा एक पुंजका पडला होता, तो उचलून त्यानं खिशात घातला. का, ते मला कळलं नाही.

रात्री पारूनं माझ्या भाकरीवर तूप वाढलं, नको म्हणताना आणखी वाढलं. मी म्हटलं, "अगं, तूप बंद आहे ना?"

"सशाला," पारू म्हणाली.

बनू समोर बसून जेवत होती. मान खाली, पण जेवत होती.

१ ऑक्टोबर, रविवार

मधे डायरी लिहायला वेळ मिळाला नाही. कामं फार. आता दुकानात दोन माणसं आहेत, मी आणि बनू, आणि बायका आपल्या पंपाच्या तक्रारी थेट बनूला सांगतात. एक आजी मला म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या, मिस्त्रीनबाईला बोलवा."

चैत्रात पेढ्याचे केस गळायचे थांबले होते. मऊ, दाट, नवे केस आले. त्याच दरम्यान खंडाळ्याहून एक कार्ड आलं, हंगाम संपला का म्हणून. मी ते वाचून बेअरिंगच्या डब्याखाली ठेवलं. बनूनं ते पाहिलं असावं, कारण तो डबा ती रोज पुसते. तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उत्तर द्यायचं राहून जात होतं. खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे.

आज सकाळी बनू हात ओले करून बसली, पेढा मांडीवर आला आणि पहिल्याच हाताला चांगली जाड लडी निघाली. ती ओरडली, "आबा! परत लागलं गळाय!"

मी चष्मा लावून स्वतः बघितलं. मानेपाशी, पाठीवर, मागच्या मांड्यांवर. शंकाच नाही.

मग कोरं कार्ड आणून बसलो. बनू कॉइल भरता भरता थांबली. मी तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचत लिहिलं: "आप्पासाहेबांस नमस्कार. तुमच्या कार्डाला उत्तर उशिरा देत आहे, क्षमस्व. सशाचे केस गळणे वर्षातून दोनदा असते असे आढळून आले आहे. दुसरा हंगाम आज सुरू झाला. पुढील फेब्रुवारीत पुन्हा पहिला येईल. प्रवास शक्य नाही."

बनूनं कॉइलचा राहिलेला वेढा पूर्ण केला, टोक दाबून बसवलं, आणि गवताची नवी पेंडी आणायला ओढ्याच्या बांधाकडं गेली. पेढा तिच्या मागं दारापर्यंत गेला आणि ती येईपर्यंत तिथंच बसून राहिला.